बिबट्याची वहिवाट

दिवाळी अंकात टीकालेख सापडला म्हणजे फराळाच्या ताटात कारल्याची फोड आल्यासारखे वाचकांना वाटते, ह्याची मला कल्पना आहे. तरीही हा लेख लिहावयास बसलो, ह्याचे कारण एवढेच की ज्या लेखकावर मला टीका करावयाची आहे, तो माझ्या चांगल्या परिचयाचा आहे आणि तो रागावून संपादकांना पत्र पाठवील असा संभव नाही. तो लेखक मीच.

मी नागापूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, त्यावर चित्रकलेची एक परीक्षा; आणि रात्री घरची मंडळी झोपली की कादंबऱ्या लिहितो. नागापूर म्हणजे नगर शहराला लागून, मनमाडच्या रस्त्यावरचे, सीनाकाठचे गाव. गाव म्हणावयाचे ते सवयीने. औद्योगिक वसाहत गावाला येऊन भिडली त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. आमच्या टपालावर एक काना कमी पडला तर ते विदर्भात जाऊन परत येते, एवढीच काय ती आमची प्रसिद्धी.

गेल्या वर्षी सहामाही परीक्षा आटोपली होती आणि सुट्टीला दोन दिवस उरले होते. सातवीच्या वर्गाला मी विषय दिला, ‘बिबट्याचे घर’. तासाभरात चाळीस चित्रे जमली. बहुतेक सर्वांत डोंगर होता, डोंगरातून धबधबा पडत होता, दाट झाडी होती आणि झाडीतून दोन पिवळे डोळे बघत होते. दोष मुलांचा नव्हता. फळ्यावर असेच काढून दाखवणारा मीच. पण एका मुलीच्या कागदावर झाडच नव्हते. कागदभर उभ्या हिरव्या रेघा होत्या, कडेला ट्रॉली होती, एक कोपी होती, कोपीपुढे चूल होती. आणि हिरव्या रेघांच्या बुडाशी दोन पिले मुरगाळून झोपली होती.

“अगं, जंगल कुठे आहे?” मी विचारले.

“हेच की, सर,” ती म्हणाली. “उसात असत्यात.”

ही मुलगी मूळची पाथर्डीकडची. आईबाप दिवाळी झाली की कोयता घेऊन टोळीबरोबर ऊसतोडीला जातात. आदल्या वर्षापर्यंत तीही जात होती. आता चुलत्याकडे राहून शिकते. तिचे चित्र मी हातात घेतले, आणि मला एकाएकी माझ्याच एका कादंबरीचा शेवट आठवला.

कादंबरीचे नाव सांगत नाही. ज्यांनी वाचली आहे त्यांना ते कळेल, आणि बाकीच्यांचे काही अडलेले नाही. तीत एक बिबट्या गावात येतो. शेळ्या जातात, वासरू जाते, गाव खवळते. पिंजऱ्यात सापडलेल्या जनावराला जाळावयास निघालेल्या लोकांपुढे एक शाळामास्तर उभा राहतो (हा मास्तर कोठून आला हे सांगावयास नकोच). शेवटच्या प्रकरणात रात्रीची जीप घाटात जाते, पिंजऱ्याचे दार वर उचलले जाते, जनावर क्षणभर थांबते, आणि मग काळोखात, आपल्या घरी, नाहीसे होते. ह्या शेवटाचे कौतुक झाले. तो वाचून डोळे भरून आले, अशी पत्रेही मला आली. आज मी म्हणतो की हा शेवट खोटा आहे. आणि नुसता खोटा नव्हे, तर धोक्याचा आहे.

हा शेवट माझ्या एकट्याचा असता तर त्यासाठी आपला वेळ घेतला नसता. पण तो मराठीत रुळलेला शेवट आहे. बातमीतले अखेरचे वाक्य पाहा: जनावर जेरबंद झाले व त्यास नैसर्गिक अधिवासात मुक्त करण्यात आले. बालकथेत तेच, नाटुकल्यात तेच. वाट चुकलेला पाहुणा आपल्या घरी पोचला की पडदा पाडावयास आपण मोकळे.

पडद्यामागे काय घडते, ते आमच्या शेजारीच पाहावयास मिळाले. पुणे जिल्ह्यातले जुन्नर हे आमच्या अकोले, संगमनेर आणि पारनेर ह्या तालुक्यांना लागून. तेथील उसाच्या पट्ट्यात आणि आजूबाजूला पकडलेले बिबटे २००१ पासून मोठ्या संख्येने नेऊन जंगलात सोडण्यात आले. जेथे सोडले, तेथपासून पकडण्याची जागा सरासरी चाळीस किलोमीटर दूर. हेतू चांगला होता. माझ्या मास्तराचाही तोच होता. विद्या अत्रेय आणि त्यांचे सहकारी ह्यांनी पुढे ह्या साऱ्याचा हिशोब मांडला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. ज्या जंगलांत बिबटे आणून सोडले, त्यांच्या आसपास १९९३ ते २००१ ह्या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. २००१ ते २००३ ह्या काळात ते १७ झाले, आणि त्यांत जीव जाण्याचे प्रमाणही दुपटीने वाढले.

असे का व्हावे? जनावराला त्याच्या मुलखाची माहिती असते. पाणी कोठे, कुत्री कोणत्या वस्तीवर, कोणत्या बांधावरून दिवस उगवण्याच्या आत परतावयाचे, हे त्याने जन्मभर चालून शिकलेले असते. ते ज्ञान हिरावून घेऊन त्याला परक्या ठिकाणी उतरवले म्हणजे तेथे आधीच कोणाची तरी सत्ता असते. मग ते निघते. परत निघालेल्या जनावराच्या मार्गात जी गावे लागतात, त्यांना त्याची सवय नसते आणि त्याला त्यांची. पिंजऱ्यातील हाल आणि माणसांचा गलका ह्यांनी ते बिथरलेले असते, हे वेगळेच. माझ्या कादंबरीत जीप परत फिरते तेथे प्रकरण संपते. घाटाखालच्या कोण्या पाड्यावर ते तेथून सुरू झाले असते. त्या पाड्यावरचे मूल माझ्या कादंबरीत नाही. तिचा हा सर्वांत मोठा दोष.

आता दुसरा प्रश्न. बिबट्याचे ‘घर’ जर जंगलात, तर मग तो उसात काय करतो?

अकोले तालुक्यात प्रवरेच्या खोऱ्यात अत्रेय ह्यांच्याच गटाने वाटांवर आपोआप छायाचित्र काढणारे कॅमेरे लावले. हा पट्टा शेतीचा, चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसांचा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत तेथे दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले, आणि तरसेही जवळजवळ तितकीच. ही जनावरे जंगलातून भटकत आलेली नव्हेत. तेथेच राहणारी, तेथेच पिले घालणारी. त्यांच्या विष्ठेची तपासणी झाली तेव्हा कळले की, वजनाच्या हिशोबाने त्यांच्या अन्नाचा ८७ टक्के भाग पाळीव जनावरांचा होता, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा.

हे घर बांधले कोणी? आपणच. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले. १९५० च्या सुमारास लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि त्यामागून जिल्ह्यात धुराडी वाढत गेली. जेथे ज्वारी-बाजरीचे उघडे रान होते, तेथे वर्षभर, आडसाली असेल तर दीड वर्ष, पुरुषभर उंचीचा हिरवा आडोसा उभा राहिला. त्यात गारवा, पाटाला पाणी, कडेला वस्ती आणि वस्तीवर कुत्री. बिबट्याला ह्याहून काय पाहिजे? फक्त ह्या घराला एक खोड आहे. गळीत हंगाम सुरू झाला की ते कोयत्याने पाडले जाते. आज येथे, उद्या तेथे. मालकाला नोटीस न देता.

शास्त्रज्ञांचेही ह्या बाबतीत एक आवडते रूपक आहे, आणि टीकाकाराने रूपकाची परीक्षा करावयासच हवी. रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन ह्या दोघांनी १९६७ साली बेटांवरील जीवसृष्टीवर एक ग्रंथ लिहिला. बेट जितके लहान आणि किनाऱ्यापासून दूर, तितक्या जीवजाती तेथे कमी, असे त्यांचे सूत्र. पुढे अभ्यासकांनी ते जंगलांच्या तुकड्यांना लावले: शेतीच्या समुद्रात उरलेली झाडीची बेटे. रूपक चांगले आहे. त्याने डोळे उघडले. आमच्या कर्जत तालुक्यातले रेहेकुरीचे काळविटांचे अभयारण्य अवघे २.१७ चौरस किलोमीटरचे, म्हणजे बेट म्हणावयास अगदी योग्य. पण तेथील काळविटांनाही ही सीमा कोणी समजावून सांगितलेली नाही. ती बाहेर पडतात, हरभऱ्यात उतरतात, शेतकऱ्याच्या शिव्या खातात आणि परततात. तेव्हा हा समुद्र काही बुडवणारा समुद्र नव्हे. त्यात उथळ जागा आहेत, उतार आहेत, पलीकडे जावयाचे सांडवे आहेत.

शिवाय एकाच मुलखाचा नकाशा प्रत्येक जनावराचा निराळा. जो ऊस बिबट्याला ओसरी वाटतो, तोच माळढोकाला भिंत. त्या पक्ष्याला दूरवर दिसणारा उघडा माळ लागतो. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर आणि नगर ह्या जिल्ह्यांत ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य कागदावर आले. पुढे ते १,२२२ वर आणले गेले. आणि माळढोक तर आता इकडे जवळजवळ दिसेनासाच झाला आहे. माळ म्हणजे पडीक जमीन, अशी आपली समजूत. कालव्याने एकाला घर दिले आणि दुसऱ्याचे नेले. म्हणून ‘निसर्ग वाचवा’ असे मोघम घोषवाक्य फळ्यावर लिहून भागत नाही. कोणाचा निसर्ग, हे विचारावे लागते.

आता साहित्याकडे वळतो. मराठीत रानाविषयी उत्तम लिहिले गेले आहे, आणि मी जे शिकलो ते त्यातूनच. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळ्यांची कथा आहे. तीत जनावराला गोंडस केलेले नाही, की माणसाचा नीतिपाठ त्याच्या तोंडी घातलेला नाही. मुलूख म्हणजे काय आणि तो राखावयास किती रक्त सांडते, हे त्या लहानशा पुस्तकाने मला दाखवले. मारुती चितमपल्लींनी तर वनखात्यातील आयुष्याच्या जोरावर आपल्या भाषेला रानातल्या शब्दांचे भांडार दिले. २०२५ साली ते गेले तेव्हा आमच्या शाळेत मी मुलांना ‘रानवाटा’ हे नुसते नावच फळ्यावर लिहून दाखवले. केवढे नाव आहे! रान आणि वाट, दोन्ही एकत्र.

पण माझ्यासारख्या मागून येणाऱ्यांनी त्यातले रान घेतले आणि वाट सोडली. आमच्या कथांत माणूस रानात जातो, विस्मय पावतो आणि शेवटच्या एस. टी.ने घरी येतो. वाट असते ती लेखकाची. जनावर तेथेच, देखाव्यातल्या झाडासारखे, स्थिर. रान ही एक खोली, तिला दार, आणि दाराची किल्ली वनखात्याकडे.

गंमत अशी की माणसांच्या बाबतीत आपल्या भाषेला वाटेचे विस्मरण कधीच झाले नाही. माडगूळकरांचीच ‘बनगरवाडी’ (१९५५) घ्या. दुष्काळ पडतो आणि धनगरांची अख्खी वाडी उठून जाते. त्या चालत्या लोकांना कोणी घुसखोर म्हणत नाही. त्र्यंबकेश्वराहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी दर आषाढीला आमच्या नगरातून पुढे पंढरपुरास जाते, तेव्हा मोठमोठे ट्रक थांबतात आणि चालणाऱ्याला रस्ता मिळतो. चालणाऱ्याचा मान ठेवणे आपल्याला शिकवावे लागत नाही. तो मान आपण चार पायांवर चालणाऱ्याला दिला नाही, इतकेच.

ह्याला एक अपवाद मला ठाऊक आहे, आणि तो पुस्तकाचा नसून चित्रपटाचा आहे. आमच्याच जिल्ह्यात, पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे २००९ साली एक वयस्क बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून, गळ्यात ठावठिकाणा कळवणारा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. त्याच्या शांत स्वभावावरून अभ्यासकांनी त्याचे नाव ठेवले ‘आजोबा’. हे आजोबा घाटात राहिले नाहीत. महिन्याच्या आत सुमारे १२० किलोमीटर चालून, महामार्ग ओलांडून, कसाऱ्याजवळचे रूळ ओलांडून, वसईची खाडी पोहून ते मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात दाखल झाले. तो त्यांचा मूळ मुलूख असावा, असा अभ्यासकांचा अंदाज. ह्या सबंध प्रवासात त्यांनी कोणा माणसाला इजा केली नाही. २०११ साली मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाची धडक बसून ते मेले.

ह्या प्रवासावर सुजय डहाके ह्यांनी २०१४ साली ‘आजोबा’ हा चित्रपट काढला. संशोधक स्त्रीची भूमिका ऊर्मिला मातोंडकर ह्यांनी केली. चित्रपट निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. शोध घेणाऱ्या माणसांच्या धावपळीकडे तो वारंवार ओढला जातो, आणि जनावराचे एकटे, कंटाळवाणे, सावध चालणे, जे मला पाहावयाचे होते, ते मनाजोगते मिळत नाही. तथापि त्याने एक मोठी गोष्ट केली. ‘सोडून दिले’ हे जेथे आमच्या कथांचे शेवटचे वाक्य, तेथून ह्या कथेला खरा जोर येतो. माझ्या कादंबरीला जे सुचले नाही ते त्याला सुचले. म्हणून त्याच्या उणिवा मी सहज क्षमा करतो. माझ्या मात्र करवत नाहीत.

ह्या गोष्टीला आपल्या भाषेत शब्द नाही असे नाही. आहे, आणि तो कोर्टकचेरीत रोज वापरला जातो. तो शब्द म्हणजे वहिवाट. शेजाऱ्याच्या बांधावरून तुमचे आजे-पणजे बैलगाडी नेत आले असतील, आणि आज शेजाऱ्याने तेथे काटेरी तार ओढली, तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. जमीन त्याची, हे खरेच. पण वाट अडवण्याचा अधिकार त्याला नाही. किती भावकी ह्या एका शब्दावरून फुटली! बिबट्या, लांडगा, काळवीट ह्यांची जी आहे ती वहिवाटच. त्यांना सातबारा नको. ओढ्याकाठची झाडी, पडीक बांध, दोन टेकड्यांमधला चार पुरुष रुंदीचा गवताळ पट्टा, रस्त्याखालची मोरी, एवढ्यावर त्यांचे भागते. बांध नांगरला गेला, ओढा बुजला, रस्ता चौपदरी झाला की ती वहिवाट अडते. आणि अर्ज करावयास त्यांना तहसील कचेरी माहीत नाही.

ती मोकळी करून देता येते, ह्याचा पुरावाही महाराष्ट्रातच आहे. नागपूरहून (काना नसलेल्या) जबलपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर पेंचच्या जंगलात रस्ता उचलून त्याखाली जनावरांसाठी नऊ ठिकाणी मोकळ्या जागा ठेवल्या. २०१९ च्या मार्च ते डिसेंबर ह्या काळात तेथील कॅमेऱ्यांत १८ जातींचे वन्य प्राणी आले. वाघच ८९ वेळा. वर ट्रक आणि खाली वाघ, दोघेही आपापल्या कामाला. त्याच वर्षी यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ नऊएक महिन्यांत तीन हजार किलोमीटरांहून अधिक चालला. वाटेत शेते, रस्ते, गावे. मुक्काम बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात. एवढे चालण्याची ज्या जिवाला गरज, त्याला आपण कादंबरीत एका घाटात बसवून ठेवतो!

ह्यावर कोणी म्हणेल, मास्तर, तुमच्या घरचे पोर गेले असते म्हणजे हे लिहिले असते का? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला चलाख उत्तर नाही. उसाच्या पट्ट्यात पोरे गेली आहेत, म्हाताऱ्या गेल्या आहेत. त्या घरांना मी वहिवाटीचे व्याख्यान देऊ शकत नाही. माणसावर वारंवार चाल करणाऱ्या जनावराला पकडावेच लागते. पण जुन्नरचा आकडाही त्याच पोरांच्या बाजूने बोलतो. एका गावचे संकट उचलून दुसऱ्या गावच्या शिवेत टाकणे ही दया नव्हे. त्यापेक्षा गोठ्याला वरून जाळी आणि घट्ट दार, वस्तीवर दिवा, घरात संडास, उकिरड्यावर कुत्र्यांना निमंत्रण न देणे, तिन्हीसांजेला लहान मुलाला उसाच्या कडेने एकटे न पाठवणे, ही कामे रुक्ष असली तरी जीव वाचवतात. त्यांत कादंबरीचा शेवट होण्याजोगे काही नाही, हे मला मान्य आहे.

आपण आज-उद्या वसुबारस साजरी कराल, गाय-वासराला ओवाळाल. त्याच तिथीला, आश्विन वद्य द्वादशीला, अकोल्याच्या डोंगरातील आदिवासी गावांत वाघबारस असते. गुराखी वाघोबाच्या ठाण्यावर जमतात, नैवेद्य दाखवतात आणि आपल्या गुरांचे रक्षण मागतात. एका दिवशी गाय आणि वाघ दोघांचेही पूजन! हे भोळेपण आहे असे मी पूर्वी समजत असे. आता वाटते, ज्याने हा सण लावला तो माझ्याहून थोर कथाकार असला पाहिजे. त्याने वाघाला घालवून दिले नाही की घरातही घेतले नाही. त्याला शेजारी मानून वर्षातून एकदा त्याच्याशी बोलणे चालू ठेवले. त्या कथेला शेवट नाही, दरवर्षीचा करार आहे.

माझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघावयाची आहे. शेवटचे प्रकरण मी काढून टाकले आहे. त्या जागी काय घालावयाचे, ह्यावर प्रकाशकांचे दोनदा पत्र आले. अजून मी लिहिलेले नाही. त्या मुलीचे चित्र मात्र माझ्या टेबलासमोर भिंतीवर आहे. यथादर्शन चुकलेले, ट्रॉलीची चाके लंबगोल, परीक्षेत त्याला फार गुण मिळाले नसते. सुट्टी लागण्याच्या दिवशी ते मागून घेताना मी तिला विचारले होते, “फड तुटल्यावर ह्या पिलांचे काय होते गं?”

तिने तसे एकदा पाहिले होते. पिले दिसताच टोळीने तोड थांबवली, मुकादमाने फोन केला, वनखात्याच्या माणसांनी ती पिले टोपलीत घालून त्याच जागी ठेवली, आणि रात्री त्यांची आई आली.

“न्हेली तिनं, सर. एकेक करून.”

“कुठे नेली?”

तिला माझ्या प्रश्नाचे नवल वाटलेले दिसले.

“पुढच्या फडाला,” ती म्हणाली. “आमच्यासारखं.”